दगडूभाऊचा राजवाडा

चिखलीच्या बाजारात मी वांग्यांचा भाव पाडण्यात गुंतलो होतो. अमडापूरचा करीम मणियार बांगड्यांची पेटी खाली न ठेवताच जवळ आला आणि म्हणाला, "दगडूभाऊ गेला... सकाळीच." माझ्या थोरल्या चुलतभावाची बातमी मला अशी, हातात वांगं असताना मिळाली. ते परत ठेवलं की पिशवीत टाकलं, आजही आठवत नाही.

अमडापुरात भाऊची ओळख म्हणजे सिंदखेडचा राजवाडा, मासाहेबांचं माहेर. दिवे लागले की ओट्यावर बसून, बैलाचा जुना कासरा हाताला गुंडाळत नि सोडत, तो वाडा सांगायचा. महाद्वारातून नेताना ऐकणाऱ्यांना माना वाकवायला लावायचा, रंगमहालाच्या जिन्यावर दम घ्यायला थांबवायचा. नागपूरकडून मोजणीला आलेल्या एका साहेबाचा चहा ऐकता ऐकता गार झाला होता. आणि भाऊनं तो वाडा आतून कधी पाहिलाच नव्हता, हे घरातल्या दोघाचौघांनाच ठाऊक.

झालं असं की, सिंदखेडजवळचं एक लग्न उरकून आमच्या बैलांच्या दमण्या परत निघाल्या होत्या. वाटेत वाडा पाहायचं ठरलं. वाड्याचं खूळ सगळ्यांत जास्त भाऊलाच. पण त्याच्या दमणीला नवा गोऱ्हा जुंपलेला, पाचोळा हलला तरी बुजायचा. म्हणून कासरा भाऊच्याच हातात राहिला. तुम्ही येऊन जा, मग मी जातो, म्हणाला. मी आत काय पाहिलं? लग्नातली बुंदी पोटात जड झाली होती. महाद्वाराच्या आतच गार दगडावर आडवा झालो, उठताना पायात काटा रुतला, तो निघेपर्यंत मंडळी बाहेर पडलेली. तेवढ्यात वारं सुटलं, मोठ्यांनी गाड्या जुंपायची घाई केली, आणि भाऊ राहिला. वाटेत त्यानं हळूच विचारलं, "आत काय होतं बे?" आता काट्याची कथा काय सांगणार? मी म्हणालो, रंगमहालात अजून गुलालाचा वास येतो. पुढं त्या एका वासावर त्यानं अख्खा वाडा उभा केला.

तिकडं सर्व्हिस मोटार सुरू झाली तेव्हा मीच त्याला घेऊन गेलो. परीटघडीचं धोतर नेसून आला होता. महाद्वारापाशी थांबला, वर पाहिलं, कमानीच्या दगडाला हात लावला आणि बाहेरच बसला.

"तू जाऊन ये. मी हाओ अठी."

"काऊन भाऊ? आता त बैलही नाहीत."

"आत गेलो त माह्यावाला वाडा पडून जाईन बे."

मी हसलो. मग त्याच्याशेजारीच बसलो. शिदोरी सोडून दोघांनी भाकरी खाल्ली. त्याला हाताला धरून आत न्यायला हवं होतं का? अजून कळत नाही. परतताना मात्र मोटार वळेपर्यंत तो मागं बघत होता...

तेरवी झाली. संध्याकाळी पोरं सवयीनं ओट्यावर जमली. भाऊची नात मला म्हणाली, "लहान आबा, तुम्ही त आत गेलते ना? सांगा मंग वाडा."

खुंटीवरचा कासरा काढून मी हाताला गुंडाळला. महाद्वार आलं, पोरांनी माना वाकवल्या. जिन्यावर आम्ही दम घेतला. रंगमहालाचं दार आलं... आणि आत काय होतं, हे आता मी ज्याला विचारावं, तो भाऊ नव्हता.