ओटा सातला बंद

साठाव्या वर्षी मी माझ्याच घरातल्या जाळीच्या कपाटाला कुलूप लावलं. आत भाकरीचा टोपला, लोणचं आणि दुपारची उरलेली भाजी. कुलूप नवऱ्याच्या पत्र्याच्या पेटीचं, किल्ली माझ्या कमरेला. साठ म्हणजे काही फार वय नव्हे, अक्कल यायची होती. आता अडुसष्ट झाली, थोडीफार आली आहे. गप्प बसले असते, पण गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या फाटकावर पुन्हा तसलाच कागद चिकटला: सातच्या आत जेवा, पोट घालवा. शिबिराच्या उद्घाटनाला दिवा लावायला मला बोलावलंय, ज्येष्ठ म्हणून. दिव्याऐवजी काय लावीन ते इथं लिहीत नाही.

तेव्हाही असंच शिबिर झालं होतं, गच्चीवर. बाहेरून एक बाई आल्या होत्या, सडपातळ, कडक इस्त्रीच्या. त्यांनी सांगितलं, सूर्य मावळला की पोटातली भट्टी विझते. सातनंतर खाल्लेला घास पचत नाही, चरबी होऊन कमरेला बसतो. आम्ही वीसेक बाया, कमरेवर हात ठेवून ऐकत होतो. मग फोनवर ग्रुप निघाला. रोज सात वाजता जिनं तिनं पुसलेल्या ओट्याचा फोटो टाकायचा. ओटा कोरडा, शेगडी बंद. पहिला फोटो कुणाचा? माझा. सात वाजायला दोन मिनिटं असताना मी फडकं पिळून तयार. अंगठे यायचे, फुलं यायची. साठ वर्षांत माझ्या स्वयंपाकाला जेवढी शाबासकी मिळाली नाही तेवढी स्वयंपाक बंद ठेवण्याला मिळाली. मूर्ख बाई हुरळली.

बरं, डोळे उघडे असते तर उत्तर घरातच होतं. माझा नवरा लूमवर जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. माग बंद पडला की जेवण राहिलं, चालू झाला की जेवला. कधी पहाटे, कधी भलत्याच वेळी. मरेपर्यंत बांबूसारखा. मी घड्याळ लावून दोन्ही वेळा जेवले आणि दारातून आडवी जायला लागले. पण घरच्या माणसाकडून शिकायचं म्हणजे फी भरल्यासारखं वाटत नाही ना.

आणि माझी सून. पडघ्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. मानकोलीला एका गोदामात पॅकिंगला जायची, अजून जाते. सकाळी अकराची ड्युटी, आठला सुटायची. अंजूरफाट्याला गाडी अडकायची ती अडकायचीच; घरी यायला नऊ. बाळंतपणानंतर ती अंगानं सुटली होती. मी ठरवलं, हिचं भलं करायचं. ती आली की कपभर दूध, बस्स. पहिल्या दिवशी तिनं कपाटाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, दूध पिऊन कप विसळून ठेवला. मी तिला समजावलं की चार दिवस जड जातं, मग सवय होते. सवय मला झाली, तिला दूध द्यायची.

खरं सांगायचं तर तिच्या कमरेची काळजी चार आणे होती, बारा आणे ओट्याची. नऊ वाजता कुणी भाकरी वाढून घेतली, आमटी गरम केली, की ओटा पुन्हा ओला. फोटो खोटा पडला असता. आणि माझा मुलगा? तोही दहाला यायचा. त्याचं ताट मी झाकून ठेवायचे, रोज, बाहेरच्या टेबलावर. टेबल फोटोत येत नव्हतं. पोट त्याचंही सुटलेलं, पण त्याच्या पोटाला घड्याळ लावावं हे मला सुचलंच नाही. आज हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो.

महिना असा गेला आणि संकष्टी आली. आम्हा दोघींचा उपवास. संकष्टीचा उपवास चंद्र दिसल्याशिवाय सुटत नाही, आणि त्या दिवशी चंद्रोदय पावणेनऊच्या सुमाराला. आली पंचाईत. मी काय डोकं चालवलं बघा. सकाळी सुनेला सांगितलं, तू सातलाच उपवास सोड, गोदामात एखादं केळं खा. ती म्हणाली, चंद्र न बघता? मी म्हटलं, देवाला कळतं, त्याला वजनाचं काय ते सांगून ठेवीन. आणि स्वतः मात्र दुपारीच मोदक वळले, उकडले, टोप उचलून पलंगाखाली ठेवला, सात वाजता कोरड्या ओट्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, संकष्टीलाही नियम मोडला नाही. फुलांचा पाऊस.

गोदामात सातला सुट्टी नसते. पट्ट्यावर खोकी येत राहतात, बाई उभी राहते. तिला केळं कुठलं? नऊ वाजून गेल्यावर ती आली. मी आणि त्या दिवशी लवकर आलेला मुलगा चंद्राला हात जोडून ताटावर बसलो होतो. वरण-भात, मोदक, तूप. त्याचा उपवासही नव्हता. तिनं हातपाय धुतले, खिडकीतून चंद्र पाहिला. मी उठले आणि तिला कपात दूध दिलं.

दिलं. मोदकांच्या ताटावरून उठून मी तिला दूध दिलं.

तिनं उभ्यानंच अर्धं प्यायलं, कप ठेवायला मोरीकडे गेली आणि तिथंच खाली बसली. बसली म्हणजे कोसळली. कप फुटला. मुलगा हातात मोदक घेऊन तसाच बघत राहिला, आणि मी किल्ली शोधत कमर चाचपत होते. साखर बाहेरच्या डब्यात होती हेसुद्धा आठवेना.

सकाळी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, बोलायला तिखट. त्यांनी सुनेला तपासलं आणि रागवल्या मला. माझी सगळी भट्टीची गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "आमच्यात रमजानचा महिनाभर अख्खी आळी दिवस मावळल्यावरच जेवते. कोण हडकतं, कोण फुगतं. वेळ सगळ्यांची एक. ताटात काय आणि किती, ते बघायचं." जड जेवून लगेच आडवं होऊ नये, रोजची वेळ साधारण एक असली तर बरं, एवढं त्यांनी मान्य केलं. पण दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला उपाशी झोपवायचं हे कुठल्या पुस्तकात आहे, असं मला विचारलं. मी पुस्तक वाचलंच नव्हतं. मी फोटो काढले होते.

त्याच दिवशी कुलूप काढलं. ग्रुप सोडला. नऊ वाजता तांदळाची गरम भाकरी, आमटी, भात, सगळं मांडून बसू लागले. आणि सून दारातूनच म्हणायची, जेवून आले. रोज. कुठं जेवलीस, तर कधी मैत्रिणीचा डबा, कधी नाक्यावर वडापाव. खोटं होतं, तिचा चेहरा सांगत होता. माझ्या घरात तिनं रात्रीचा घास घेणं सोडलं होतं. मी भाकरी झाकायचे, सकाळी ती तशीच मिळायची. पंधरा दिवस चाललं. मला तिचा राग यायला लागला, बघा माझी जात. मी पाय धरायचे का आता, असं मनात यायचं.

शेवटी एका रविवारी ती तांदूळ निवडत होती, मी समोर बसले. म्हटलं, चूक माझी, पण कुलूप तर मी तुझ्या भल्यासाठी लावलं होतं, आणि तू एकदा जरी भाकरी मागितली असतीस तर मी काय नाही म्हटलं असतं? महिनाभर तोंड का नाही उघडलंस?

तिनं सूप खाली ठेवलं नाही. एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली,

"आई, बारीक बाईनं भाकरी मागितली तर लोक म्हणतात तिला भूक लागली हाय. मी मागितली असती तर तुम्ही म्हणला असता, खादाड हाय. म्हणून न्हाय मागितली."