मावशीनं काढलेले चौकोन

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. अमरावतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं मी बायोप्सीच्या स्लाइड बनवतेय... काचेवर दिसेल तेवढंच खरं मानायची सवय. म्हणूनच हे लिहिताना डोकं तापतं.

माझी शांतामावशी अकोटला झेंडूची फुलं विकते. गेल्या वर्षी तिचं पोट सारखं फुगायचं, खाल्लेलं उलटून पडायचं. मी तिला अकोल्याला एका डॉक्टरकडे नेलं.

"पोटात गठुडे दिसतात मले," मावशी म्हणाली. "चवकोनी. चार-चार, एका जागी बांधेल."

डॉक्टर हसले. मावशीनं टेबलावरचं पेन उचललं आणि फाइलच्या पाठीवर काढूनच दाखवलं.

"मनाचे खेळ आहेत, बाई!" त्यांनी झोपेची गोळी लिहिली. पोटाला हातसुद्धा लावला नाही! आणि मी? एवढी लॅबवाली — मीही लाजून मान खाली घातली.

दोन महिन्यांत मावशी अर्धी झाली. एक दिवस उलटीतून तीन दिवसांपूर्वीची अंबाडीची भाजी जशीच्या तशी पडली. तेव्हा कुठे मी तिला अमरावतीला आणलं. दुर्बिणीतून पाहिलं तर जठराचं खालचं तोंड आवळलेलं, अन्न पुढे सरकतच नव्हतं. अस्तराचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. स्लाइड मीच बनवली.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी हाक मारली. "हे बघ, सार्सिना. पोटात अन्न साचून राहिलं की वाढणारे जंतू. फार क्वचित सापडतात."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला... चार-चारचे चौकोनी पुंजके, बांधून ठेवल्यासारखे. एकोणीस वर्षांत मी ते कधी पाहिले नव्हते! मावशीची अकोल्याची फाइल उलटी करून मॅडमपुढे ठेवली.

"कोणी काढलं हे?"

"पेशंटनं. बायोप्सीच्या दोन महिने आधी."

मावशी चौथी शिकलेली. मायक्रोस्कोप तिनं जन्मात पाहिला नाही. तरी लॅबमधले म्हणतात योगायोग, नातेवाईक म्हणतात अंगात देवी. दोघांचाही राग येतो मला. एवढ्यावर विषय मिटवायचा?

औषधं झाली, दुर्बिणीतून फुगा घालून जठराचं ते तोंड रुंद केलं. मावशी आता भाकर पचवते. परवा तिला विचारलंच, "मावशी, तुला कसं दिसलं गं?"

ती भडकली. "मले काय ठाव? दिसून राह्यलं होतं म्हणून सांगितलं. तवा काहून नाई इचारलं?"