बुढ्याले आयकू जाते

आमच्या रुखमा वयनीनं आयुष्यात दोघायचंच ऐकलं. एक तिची सासू, म्हणजे माझी माय, अन् दुसरा तलाव. माय गेली, आता एकटा तलाव राह्यला. मी तिचा सख्खा दीर, पण माझं तिनं कधी ऐकलं असंन तर मिशी काढून देतो.

मी उमाजी. पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर कुसुमबोडीचा फाटा लागते, तिथी चिचेच्या झाडाखाली माझी चहाची टपरी आहे. आम्ही ढिवर लोक. तलाव मालगुजारीच्या काळचा. आमच्या बापजाद्यायनं त्याच्यातच जाळे टाकले, मासे विकले अन् लेकरं वाढवले. वयनी त्याले 'बुढा' म्हणते. "बुढ्यानं आज मरळ देल्ली," "बुढा आज रुसला," असं तिचं चालू राह्यते. नवीन माणसाले वाटते, घरात कोणी म्हातारा बाजीवर पडून आहे.

आमच्यात एक रीत आहे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून तलावाचं वाईट बोलाचं नाई. जाळं रिकामं आलं तरी "आज मर्जी नाई" म्हणाचं अन् गुपचाप घरी याचं. काऊन? तर तलाव आयकते. माझ्या मोठ्या भावानं एकदा पाळीवरच म्हटलं, "साला, यात आता काही दम नाई राह्यला." वयनीनं त्याले सांजच्याला जेवालेच वाढलं नाई. भाऊ माझ्या घरी येऊन जेवला. आता तो या जगात नाई, पण ते गोष्ट काढली का वयनी हासते अन् डोळेही पुसते.

मंग वरच्या अंगाले, नाल्याच्या काठी, भातगिरणी आली. उसना तांदूळ कराची. धान भिजवाचं, वाफवाचं अन् ते आंबट, सडकं पाणी नाल्यात सोडून द्याचं. नाला येते सरळ आमच्या तलावात. पहिल्यांदा वास आला. मंग पाणी काळं पडलं. मंग एका सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून भकभक करून राह्यले, अन् दुपारपावेतो पांढरे पोट वर करून काठाले लागले. वयनीच्या नातीच्या, सोनूच्या, अंगावर आंगोळ करून करून लाल चट्टे उठले. पोट्टी खाजवून खाजवून रडे.

वयनी कोणाले एक शब्द बोलली नाई. मेलेली एक रोहू पळसाच्या पानात गुंडाळली, पिशवीत घातली अन् चंद्रपूरची बस पकडली. बसमध्ये असा वास सुटला म्हणते का कंडक्टर तिले उतरवाले निंघाला. वयनी त्याले म्हणाली, "तुले एका घंट्याचा वास सहन होत नाई, आमी तर त्याच्यातच राह्यतो." कंडक्टरनं खिडकी उघडून देल्ली. तिथी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीत जाऊन तिनं मासा टेबलावर ठेवला अन् सारं घडाघडा सांगतलं. चंद्रपूरपावेतो बुढ्याचे कान पोचत नाई ना!

पुढच्याच हप्त्यात मंडळाची गाडी आली. दिव्यानी मॅडम म्हून अधिकारी होत्या. तरण्या, पायात गमबूट, संगं बाटल्यायचा डब्बा. मी मनात म्हटलं, चला, आता गिरणीवाल्याचं काही खरं नाई.

पण आमच्या वयनीनं काय करून ठेवलं होतं, पाहा. मॅडम येणार म्हून तिनं पहाटेच साऱ्या बायायले उठवलं. मेलेले मासे वेचून केळीच्या बुडाशी पुरून टाकले. पाळ झाडून काढली, सडा घातला, घाटाच्या पायरीवर रांगोळी काढली. बाप्पा! पोरगी पाहाले पाहुणे येते तेव्हा करते तशी तयारी. पाहुण्यासमोर बुढा घाणेरडा दिसू नये म्हून!

मॅडमनं पाळीवर उभं राहून इचारलं, "मावशी, मासे मरत होते ना? कुठी मरत होते?"

वयनीनं पदर सावरला अन् म्हणाली, "नाई जी. आमचा तलाव लय चांगला आहे."

मले वाटलं माझ्या कानातच काही बिघाड झाला. मॅडमनं पुन्हा इचारलं. "पाण्याले वास येते म्हणालात तुमी."

"थोडासाक येत असंन. मासोळीच्या पाण्याले वास येतेच."

"अन् नातीच्या अंगावरचे चट्टे?"

"उन्हाचे असंन."

माझं डोस्कं फिरलं. म्हटलं, "अवो वयनी, भर बसमध्ये मेलेला मासा घेऊन गेली तू, अन् आता उन्हाचे चट्टे? काय मजाक लावला?" वयनीनं माझ्याकडं असं पाह्यलं का मी दोन पावलं मागंच सरलो. तिच्या पोटात सारं भरून होतं, अन् पायाखाली पाळ होती. काय करंन बिचारी?

मॅडम चिडल्या नाई. नाल्याच्या वरच्या अन् खालच्या अंगाचं, तलावाच्या मधातलं पाणी बाटल्यायमध्ये भरून घेतलं. पण मासे किती दिवसापासून मरते, गिरणी पाणी केव्हा सोडते, लोकं कोणत्या घाटावर आंगोळ करते, हे बाटली थोडीच सांगणार? मी मॅडमले बाजूले नेलं अन् आमच्या रितीची गोष्ट सांगतली. मले वाटलं हासतील. हासल्या नाई. म्हणाल्या, "तुमच्या टपरीवरून तलाव दिसते का?"

"चिच आडवी येते. नाई दिसत."

"मंग मावशीले तिथी चहा पाजा."

टपरीवर बाकावर बसल्याबरोबर वयनीनं मागं वळून एकदा पाह्यलं, बुढा खरंच दिसत नाई ना म्हून. अन् मंग जे सुरू झाली! गिरणी आठवडी बाजाराच्या दिवशी पाणी सोडते, कारण गावात कोणी नसते. पहिल्यांदा झिंगे मेले, मंग रोहू. सोनू कोणत्या घाटावर न्हाते, केळीखाली कुठी मासे पुरले, सारं सांगतलं. सांगता सांगता हमसून हमसून रडाले लागली. "मॅडम, त्याले वाचवा. त्याचा जीव गेला तर आमी कोणाच्या भरोशावर जगाचं?" माझ्या हातातला चहा गाळाचा राहून गेला.

मॅडमनं तिचा हात धरला. म्हणाल्या, "मावशी, ते सडकं पाणी तलावातली हवा खाऊन टाकते, म्हून मासे गुदमरते. हवा परत येऊ शकते. पण आधी नाला सुधरवावा लागंन."

मॅडम बाजाराच्या दिवशी न सांगता परत आल्या अन् गिरणीचं पाणी सुटता सुटताच पकडलं. नमुन्यायचा निकाल आला. सांडपाणी साफ कराची सोय केल्याबिगर गिरणी चालवाची नाई, असा मंडळाचा हुकूम निंघाला. आरोग्य खात्याचे लोकं आले, सोनूले मलम भेटलं, गावात टँकर सुरू झाला. मी खुश. साऱ्यायले चहा फुकट पाजला, अन् मी फुकट चहा पाजणारा माणूस नोहो.

पण मंग पाळीवर फळा लागला. 'या तलावाचे पाणी वापरू नये. मासे खाऊ नये.' लाल अक्षरात.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पोतं चढलेलं. कोणाचं काम, ते काय सांगाले पाह्यजे? सरपंचानं काढलं, वयनीनं पुन्हा चढवलं. शेवटी मॅडमले फोन गेला अन् त्या आल्या. आता त्यायले रीत माहीत होती, म्हून वयनीले सरळ टपरीवर आणलं.

"मावशी, पोतं काऊन टाकता?"

"माय, पाळीवर उभं राहून त्याच्याच तोंडावर वाईट लिहून ठेवलं तुमी. दिवसभर तो तेच वाचत बसंन का?"

"फळा नाई राह्यला तर बाहेरगावचं एखादं लेकरू त्याच्यात न्हाईन. सोनूसारखंच त्याच्या अंगावर उठंन."

वयनीनं पाळीकडं जाणाऱ्या रस्त्याकडं पाह्यलं. मंग म्हणाली, "ठेवा. पण त्याचं तोंड रस्त्याकडं करा. वाचणारा माणूस रस्त्यानंच येते. बुढ्याकडं पाठ राहू द्या."

मॅडमनं उभ्या उभ्या फळा उपटून फिरवून लावला. रस्त्याकडं लाल अक्षरं, तलावाकडं कोरं टिन. त्या दिवसापासून कोणी अनोळखी माणूस टॉवेल घेऊन पाळीकडं वळला का वयनी आधी त्याले फळ्यापुढं उभं करे. वाचता येत नसंन तर हाताले धरून माझ्या टपरीवर आणे अन् मंग सांगे. पण स्वतः तिनं पाण्यात पाय घातला नाई. रोज पाळीवर येऊन बसे. जाळं घरी खुंटीले लटकून राह्यलं. मजुरीले जाई, येई, अन् दिवसेंदिवस सुकत चालली. मी म्हटलं, "वयनी, जेवत जा." तर म्हणे, "त्याच्या तोंडाले चव येऊ दे, मंग मी जेवन."

गिरणीवाल्यानं टाक्या बांधल्या, यंत्रं बसवले. पाणीकाळा आला, नाल्याले पूर आला, तलाव भरून सांडव्यावरून वाह्यला. मॅडम मधात मधात येऊन बाटल्या भरून नेत. वयनी दर वेळी टपरीवर बसून त्यायच्या तोंडाकडं पाहे. मॅडम मान हालवून म्हणत, "अजून नाई, मावशी."

धान पोटरीवर आलं होतं तेव्हाची गोष्ट. गाडी फाट्यावर थांबली. मॅडम उतरल्या त्या हासतच. सवयीनं सरळ बाकावर येऊन बसल्या अन् तोंड उघडलं, "मावशी, निकाल..."

"थांबा!" वयनी अशी ओरडली का माझ्या हातची कपबशी खाली पडली. "वाईट आहे का चांगलं, येवढंच सांगा."

"चांगलं आहे."

"मंग इथी नोका सांगू. वाईट होतं तेव्हा त्याच्या मागं सांगतलं. चांगलं त्याच्या तोंडावर सांगा."

तिनं मॅडमचा हात धरला अन् ओढतच पाळीवर नेलं. मी टपरी तशीच उघडी टाकून मागं पळालो, गाडीचा ड्रायव्हरही आला. वारा होता, पाण्यावर बारीक लाटा होत्या. मॅडमनं एकदा माझ्याकडं पाह्यलं, ड्रायव्हरकडं पाह्यलं, लाजल्या. सरकारी बाई, मोठ्या कचेरीतली. मंग दोन्ही हात तोंडाशी धरले अन् तलावाकडं पाहून सारा जोर लावून ओरडल्या, "पाणी चांगलं आहे! मासे खाता येते!"

वयनीनं चप्पल काढली. घाटाच्या पायऱ्या उतरली, लुगडं भिजलं तरी थांबली नाई, कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राह्यली. वाकून पाण्यावर हात फिरवला, सोनूच्या पाठीवर फिरवे तसा.

"आयकलं ना, बुढ्या?" म्हणाली. "मोठ्या साहेबीणनं सांगतलं."