पूनमचं वेगळं ताट

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळसुद्धा नाही. पण आज राहवतच नाहीये! माझ्या धाकट्या नणंदेच्या, पूनमच्या, मानेवरची गाठ गेली! मंचरच्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, औषध बंद. अवसरीला पोचेपर्यंत गाडीत मी एकटीच बडबडत होते. आता घरात पेढे वाटणं चाललंय, आणि मी — काय सांगू तुम्हाला?

ती गाठ पहिल्यांदा मलाच दिसली, तिची वेणी घालताना. दुखत नव्हती, म्हणून सासूबाई नुसता लेप लावत राहिल्या. लिंबाएवढी झाली तेव्हा मीच हट्टानं तिला दवाखान्यात नेलं. गाठीत सुई घालून तपासलं. टीबी निघाला. पण छातीचा फोटो स्वच्छ होता. डॉक्टर पुन्हापुन्हा म्हणाले — टीबी फक्त गाठीत आहे, फुप्फुसात नाही, याची लागण कुणाला होत नाही. गोळ्या सहा महिने, न चुकता. बाकी सगळे एकत्र जेवा, एकत्र राहा. पूनम तेव्हा रक्त तपासायला गेली होती. ऐकलं ते मी एकटीनं.

आणि घरी येऊन मी काय सांगितलं? हिचं ताट वेगळं. झोपायचं पडवीत. आणि माझ्या बाळाला — हात लावायचा नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय, असं मी म्हणाले.

भीतीपोटी? छे, भीती नव्हतीच, हेच तर सांगतेय! पूनम दिसली की बाळ माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावायचं. मला ते बघवत नव्हतं. बस, एवढंच.

गोळ्या आणायला मीच जायचे, तिनं तिथं कुणाला काही विचारू नये म्हणून. भावकीत माझं केवढं कौतुक झालं!

पूनम दारातूनच बाळाला टाळ्या वाजवून दाखवायची. तो रांगत निघाला की आपणच मागं सरायची.

मघाशी ती पेढा घेऊन माझ्यापुढं आली. "वहिनी, आता घिऊ का त्याला?"

घे की, मी म्हणाले. तिनं हात पुढं केले. तो आता चालतो — बिचकला, आणि माझ्या पदरात शिरला.

ती हसली. "असू द्या. तुमी लई जपलं आमाला सगळ्यांना."

आणि खरं सांगू? त्यानं माझा पदर घट्ट धरला तेव्हा — तेव्हाही मला बरंच वाटलं.