थांबल्यावरची धाप

माझ्या धाकट्या बहिणीला मी दोन हिवाळे निरगुडीच्या फोकानं मारलं. रोज नाही, पण पुरेसं. तिला पोलीस व्हायचं होतं आणि मला तिला पोलीस करून दाखवायचं होतं. या दोन गोष्टी एकच आहेत असं मी तेव्हा समजत होतो. दोन हजार सालाच्या आसपास आमच्या गल्लीतली निम्मी पोरं भरतीच्या मागं होती. मी स्वतः तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा छातीच्या मापात बाद झालो. कितीही फुगवली तरी पाच सेंटीमीटर फुगेना. मग दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याखेरीज माझ्याकडं काही काम उरलं नाही, आणि ते ऐकून घेणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

पहाटे साडेपाचला कळंब्याच्या रस्त्यावर ती पुढं पळायची आणि मी मागून सायकलवर, एका हातात फोक. पळायची मात्र सुरेख. थंडीत कान सुन्न व्हायचे, तरी तिचा वेग कमी होत नसे. पहिली फेरी संपली की वाटेवर एक म्हैसवाला थांबलेला असायचा. ग्लासभर धारोष्ण दूध प्यायचं, दहा मिनिटं टेकायचं आणि दुसरी फेरी मारायची, असा माझा नियम. तालमीतल्या एका पैलवानानं सांगितलेला, म्हणजे माझ्या लेखी कायदाच. ग्लास हातात आला की हिचं सुरू व्हायचं. आधी कोरडा खोकला, मग छातीतून बारीक शिट्टी, मग गुडघ्यांवर हात टेकून तोंड उघडं टाकणं.

पळताना काही नाही. थांबल्यावर, तेही नेमकं दुसऱ्या फेरीच्या तोंडावर. मी माझ्या अकलेप्रमाणं अर्थ लावला.

"पळताना बरी असतीस, आन बसलीस की धाप? ही कसली धाप गं?"

"दादा, खरंच दम आत जात न्हाय."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणायचो. म्हैसवाला खो खो हसायचा. तो हसला की मला आणखी चेव यायचा, आणि फोक तिच्या पोटरीवर बसायचा.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला तोंडात ओढायचा पंप दिला होता. आई धास्तावली. पंप एकदा लागला की मरेपर्यंत सुटत नाही, आणि पंपवाल्या पोरीला स्थळ येत नाही, असं तिनं नळावर ऐकलं होतं. मी वेगळंच ऐकलं होतं. मैदानावर साहेबांनी पंप बघितला की पोरगी कायमची बाद. आमची कारणं वेगळी असली तरी पंप तिच्याकडून गेला तो गेलाच. मी तो काढून घेतला आणि माझ्या पँटच्या खिशात ठेवला. टाकून द्यायची छाती मात्र झाली नाही. म्हणजे ती नाटक करत नाही हे मला आत कुठंतरी ठाऊक होतं. हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही.

भरतीच्या दिवशी आम्ही नातेवाईक जाळीच्या कुंपणाबाहेर उभे होतो. ती तिच्या गटात दुसरी आली. मी ओरडून घसा बसवून घेतला, जणू मीच पळालो होतो. लगेच तिला गोळाफेकीच्या रांगेत उभं केलं. दहा मिनिटं झाली असतील, ती रांग सोडून जाळीपाशी आली. ओठ पांढरे पडले होते. तिनं जाळीतून हात बाहेर काढला.

"पंप दे."

माझा हात खिशात गेला, पंपावर पडला आणि तिथंच राहिला. शेजारचे चार लोक आमच्याकडं बघत होते.

"नाटकं करू नगंस. जा, तुझा नंबर यील."

ती रांगेत परत गेली. बोलायला तिच्याकडं हवा नव्हती. गोळा तिच्या पायांपासून जेमतेम दोन हातांवर पडला, तिन्ही वेळा. यादीत नाव आलं नाही. वर हिच्यात जिद्दच नाही, असं मीच घरभर सांगत फिरलो.

महिनाभरानं आईनंच हट्ट धरला म्हणून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी तिला एका नळीत फुंकायला लावलं, मग व्हरांड्यात सहा मिनिटं पळवलं, आणि नंतर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. पळून आल्याबरोबर नळीवरचा आकडा पहिल्यासारखाच होता. पाच मिनिटांनी उतरला. दहा मिनिटांनी आणखी खाली गेला, आणि छातीतली ती शिट्टी मला बाकावर बसून ऐकू आली.

"पळताना हिच्या श्वासनळ्या उघड्या राहतात, थांबली की आवळतात," बाई म्हणाल्या. "थंड, कोरडी हवा तोंडानं ओढली की जास्तच. पळणं सोडू नकोस. आधी हळूहळू अंग गरम कर, आणि पळायच्या पंधरा मिनिटं आधी पंप ओढ. कुणी दिला नव्हता का पंप?"

बहीण खिडकीकडं बघत राहिली. आई माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्येनं काढून घेतलाय."

मी पंप काढून टेबलावर ठेवला. खिशात राहून राहून त्याच्यावरचा कागद झिजून गेला होता. बहिणीनं तो उचलला, ओढणीला पुसला आणि पर्समध्ये टाकला. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली आणि पळायला एकटी जायला लागली. मी एकदा सायकल काढली, तर म्हणाली, "तू यायचं न्हाय." मी आपली सायकल परत लावली. पुढच्या भरतीला ती कधी गेली तेही मला कळलं नाही. निवड झाल्याचं शेजारणीनं माझ्या हातावर पेढा ठेवताना सांगितलं. मला आधीच माहीत आहे असं दाखवून मी तो खाल्ला.

त्यानंतर काही वर्षांनी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, मी बिंदू चौकातल्या पुतळ्याला हार घेऊन गेलो होतो. गर्दी लोटत होती. बंदोबस्ताच्या दोरीपाशी ती उभी होती, कडक इस्त्रीची खाकी, हातात काठी. मला इतका आनंद झाला की मी सरळ दोरी उचलून आत शिरलो. तिनं काठी आडवी धरली. ओळखलं नाही असं नाही, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"पावणं, मागं सरा. दोरीच्या आत यायचं न्हाय."

मी मागं सरलो.