एका दाण्यातली पाच भावंडं

वहिनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं दुरुस्त करायची. दादाचं वाद्य तर तिनं स्वतः बांधलेलं, आणि तेच दगा देत होतं. सभागृह रिकामं असताना सूर चोख. माणसं भरली, हवा तापली की सरकायचा. दादा जिला साथ करायचा त्या गायिकेनं शेवटचं सांगून टाकलं होतं, "या रविवारी सूर हलला, तर मी दुसरा साथीदार बघते."

दादा घरी आला तो नुसता वाद्याभोवती घुटमळत राहिला.

दोष वहिनीला ठाऊक होता. सूर ठरवणारे दोन चिमुकले भाग, ट्रान्झिस्टर, एकमेकांच्या उलट स्वभावाचे. उष्णतेनं एक बहकला की तेवढंच दुसऱ्यानं सावरायचं. तिनं मोजून, निवडून जोडी जुळवली, पाठीला पाठ चिकटवली. पण बोट जवळ नेलं तरी एक आधी तापायचा, दुसरा मागून.

"आपल्या दोघांसारखंच," दादा म्हणाला.

"तापता तुम्ही. मी कुठे तापते?"

मग भंगारातल्या एका मोजमापयंत्रातून तिनं एक चिप सोडवली. आत सिलिकॉनचा मोहरीएवढा दाणा. त्यावर पाच ट्रान्झिस्टर: तीन एका स्वभावाचे, दोन उलट. एकाच तुकड्यावर, एकाच भट्टीत घडलेले. उष्णता एकाला शिवली की पाचांना शिवणारच.

तरी थोडी चूक उरली. बरोबरीनं तापले की सूर ठरवणारे दोघं मिळून चुकायचे. वहिनीनं पंख्याकडे बघितलं.

"गार ठेवायचा हट्ट कशाला? आधीच तापवून ठेवते. सभागृहापेक्षा जास्त."

दोघांना तिनं सूर दिला. तिसऱ्याला नुसतं जळायला लावलं. चौथा त्याच्या धगीवर नजर ठेवणार. वाढली की आवरणार.

"आणि पाचवा?" मी विचारलं.

"तो बिनकामाचा. तुमच्यासारखा, भाऊजी."

तिनं केस वाळवायचं यंत्र चिपवर धरलं. सूर जागचा हलला नाही. मी बोट टेकवलं आणि चटक्यानं मागे घेतलं. त्या दाण्याच्या अंधारात एक जण गाण्यात भाग न घेता जळत होता, म्हणून शेजारच्या दोघांना ऋतूच उरला नव्हता. बाहेर ऊन आहे की थंडी, त्यांना कधीच कळणार नव्हतं.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. वहिनी माझ्या शेजारी, दाराजवळ, केव्हाही पळून जाईल अशी बसली. गायिका प्रत्येक गाण्याआधी मान वळवून दादाचा सूर अजमावत होती. लोक हातातल्या कागदांनी वारा घेऊ लागले. मध्यंतरानंतर तिनं डोळे मिटले, आवाज लावला, आणि मागे वळलीच नाही. दोन सूर असे एकमेकांत गेले की गळ्यातला कुठला, सिलिकॉनमधला कुठला, मला सांगता येईना.

टाळ्या थांबल्या तेव्हा गायिका दादाला पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगत होती. वहिनीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं माझं मनगट केव्हापासून आवळून धरलं होतं, ते तिला आत्ता दिसलं.

"अगं बाई! भाऊजी, दुखलं का हो?"