जाड आवाजाचं बटन

आमच्या गायन पार्टीत पेटी बाबांची, ढोलकी काकांची आणि गिटार माझी. माझी म्हणजे मुळात भावाची. तो नोकरीला नागपूरला गेला आणि ती खुंटीला लटकून राहिली. मांडीवर आडवी घेऊन, तारांवर लोखंडी कांडी फिरवून वाजवायची विजेची गिटार. मी ती उतरवली, हट्टानं शिकले. महाराष्ट्र तेव्हा नवा-नवा होता, गावोगाव वीज येत होती, पण पोरीच्या मांडीवर गिटार लोकांच्या डोळ्यांत खुपायचीच. खुपू दे! बाबा म्हणाले, "उंद्री गावच्या लग्नात एकदा वाजवून पाह्य. नाही जमलं तं पुन्हा खुंटीवर."

त्या लग्नातला भोंगा आणि मशीन चिखलीच्या एका भोंगेवाल्यांचं. मशीन म्हणजे पत्र्याच्या खोक्यातला, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. त्याच्या बटनांशेजारी त्यांनी कुंकवाची बोटं ओढून ठेवली होती. बारीक, म्हणजे चिरक्या आवाजाचं बटन पूर्ण, जाड, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचं शून्यावर, आणि ही खूण कोणी हलवायची नाही. कारण आमच्याकडे लग्नाचा भोंगा शेजारच्या गावात ऐकू गेला पाहिजे, नाही तर ते लग्न कसलं! बारीक आवाज लांब जातो, कबूल. पण माझी गिटार त्यातून डब्यात खडे घातल्यासारखी वाजली.

बाबा पेटीवरून वाकून म्हणाले, "हातच कच्चा हाये तुया."

माझा हात कच्चा? अंगाचा नुसता तिळपापड झाला. "हात नाही, बटन चुकलं," म्हणत मी मशीनकडे वळले.

भोंगेवाले ओरडले, "ए पोरी! बाईमानसाचा हात लागला तं मशीन जळते."

"चुलीले रोज लागते, काका. चूल कुठं फुटली अजून?"

बायका खिदळल्या. भोंगेवाल्यांचं तोंड उतरलं. मशीन राखायला बाबांना सांगून ते पंगतीला जाऊन बसले.

आणि वीज गेली. थोड्या वेळानं आली, पण भोंगा मुका. मंडपभर लोक बघताहेत म्हणून बाबा बावचळले. त्यांनी आवाजाचं मोठं बटन पार टोकाला नेलं.

"बाबा, थांबा! व्हॉल्व्ह गार झाले, लाल होऊ द्या आधी."

"तू गप बस व."

काही क्षणांत व्हॉल्व्ह तापले आणि भोंगा असा किंचाळला की मंडपामागचे बैल दावं तोडायला लागले. एका आजोबांच्या धोतरावर वरणाचा अख्खा द्रोण सांडला. मी झेप घेतली आणि मोठं बटन निम्म्यावर आणलं. हात लागलाच होता, मग अर्धं काम कशाला? बारीक आवाज खाली ओढला, जाड वर नेला. तार छेडली, ती गुरगुरली. जाड आवाज जरासा मागे घेतला, पुन्हा छेडली. आता ती माझ्या मनातल्यासारखी बोलली. अगं बाई, किती गोड बोलली! कुंकू सगळं माझ्या बोटांना लागलं होतं.

मी वाजवत सुटले. बाबांची पेटी मागून आली. पोळ्या लाटणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी मंडपाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात भोंगेवाले उष्ट्या हातानं धावत आले. "कोनं हात लावला?"

"म्या लावला."

"अवं, हे शेजारच्या गावात काय ऐकू जाईन? लोक मले शेण घालतीन तोंडात!"

त्यांनी बटनाकडे हात नेला. मी त्यांच्याआधी माझा हात बटनावर ठेवला. सासरचे, माहेरचे, सगळे पाहत होते. मी मेले तरी हात उचलणार नव्हते. तेव्हा बाबा पेटीवरून उठले आणि त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "त्या गावाले ऐकाचं असन तं येतीन इथं चालत."

गिटार पुन्हा खुंटीवर गेली नाही. बाबा मात्र जन्मभर येईल त्याला ही गोष्ट रंगवून सांगायचे, "म्या हात ठेवला म्हनून हिची गिटार वाचली." लोक माना डोलवायचे. मी घरात असेन तिथून ओरडायची, "बाबा, खालचा हात कोनाचा होता, तेही सांगा त्याईले!"